धाकटी जाऊ काट्यावर

माणूस कोरडा पडला की हलका होतो. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही, लाँड्रीत वजनकाटा सांभाळला तरी पुरतं. आणि तरीही त्या दुपारी शहाणीसुरती माणसं माझ्या धाकट्या जावेच्या तोंडाला पाण्याचा पेला लावून बसली होती, आणि ती पाण्यातच बुडत होती. कोरड्या फरशीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

नीट सांगते.

आमची लाँड्री हॉस्पिटलांची. चार हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, डॉक्टरांचे कोट. मळका माल मागच्या दाराने येतो, घडी होऊन पुढच्या दाराने जातो, आणि मध्ये मी बसते. माझा काटा जमिनीत बसवलेला आहे. ट्रॉलीसकट माल त्यावर चढवायचा, ट्रॉलीचं वजन वजा करायचं. मळका माल तोलायचा, धुऊन पिळलेला तोलायचा, वाळलेला तोलायचा. पिळलेल्या मालाचं वजन जास्त भरलं की समजायचं, मशीन नीट पिळत नाही, कापडात पाणी राहिलंय. चौदा वर्षं हेच करतेय. कापडाने किती पाणी धरलंय हे मी आता हाताने उचलूनसुद्धा सांगते. म्हणून सगळ्या मला काटेवाली म्हणतात.

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. ती रोलरवर असते. वाफेने तापलेला तीन माणसांच्या लांबीचा लोखंडी रोलर. एका बाजूने ओली चादर सारायची, दुसऱ्या बाजूने ती कडक इस्त्री होऊन निघते. त्याच्यापुढे उभं राहणं म्हणजे आठ तास भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं.

गेल्या उन्हाळ्यात तिथे एक बाई कोसळली होती. खरोखर उष्णतेने, अंगातलं पाणी आटून. ती वाचली, पण वरून तपासणीला माणसं आली आणि साहेबांची झोप उडाली. साहेबांपुढे दोन वाटा होत्या. छपराला पंखे बसवायचे, नाहीतर कागद छापायचा. साहेबांनी कागद छापला.

पाण्याचं कार्ड. दर वीस मिनिटांनी घंटा. घंटा झाली की अर्ध्या लिटरचा स्टीलचा पेला भरायचा, प्यायचा आणि कार्डावरचा एक चौकोन खोडायचा. आठ तासांचे चोवीस चौकोन. म्हणजे बारा लिटर. म्हशीलासुद्धा आपण पाणी दाखवतो आणि ती तोंड फिरवते का बघतो. बायकांना ती सोय नव्हती. तहान आहे का, असं त्या कार्डावर कुठेच विचारलेलं नव्हतं.

बायकांनी तिसऱ्याच दिवशी तोड काढली. पेला भरायचा, ओठाला लावायचा, पाठ फिरवायची आणि रोलरमागच्या मोरीत रिकामा करायचा. चौकोन खोडायचा. साहेब खूश, बायका खूश.

एकटी धाकटी प्यायची.

तिला मुकादम व्हायचं होतं. त्यात काही पाप नाही, कामात ती सगळ्यांच्या वर होती. पण नियम म्हटला की तिच्या अंगात यायचं. कार्डावर लिहिलंय ना, मग झालं. आणि तिने एक चूक केली. मोरीतल्या पाण्याचं साहेबांना जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून बायका तिला साहेबांची घंटा म्हणायला लागल्या. ती आली की कुणीतरी तोंडाने टणटण करायचं, बाकीच्या हसायच्या.

मीही तिच्याशी बोलणं टाकलं होतं. एका घरात, एका गॅसवर स्वयंपाक, आणि नऊ दिवस शब्द नाही. तिने कुकर लावला तर शिट्ट्या मी मोजायच्या नाहीत, इथपर्यंत मजल. हे मी अभिमानाने सांगत नाहीये.

आणखी एक गोष्ट होती, पैजेची. उन्हाळ्याआधी सगळ्यांनी ठरवलं की रोज कामावर आल्या आल्या माझ्या काट्यावर उभं राहायचं आणि महिन्यात जिचं वजन जास्त उतरेल तिला पुढचा महिनाभर खिडकीजवळची जागा. वजनं मी भिंतीवर खडूने लिहायची. धाकटीला ती खिडकी हवी होती, म्हणून ती दुपारचा डबा खाईना. तीन दिवस डबा तसाच घरी परत. बघत होते मी. सासूबाईंनी विचारलं, "ही जेवत का नाही गं?" मी म्हटलं, "तिलाच विचारा."

त्या दिवशी सकाळी खडूने मी तिच्या नावापुढे लिहिलं, अठ्ठावन्न किलो चारशे.

दुपारी बाराच्या सुमाराला ती ट्रॉली घेऊन माझ्यापुढून गेली. बोटातली अंगठी फिरवायला बघत होती आणि ती फिरत नव्हती. मांस दोन्ही बाजूंनी वर आलेलं. पापण्याही जड, रडून उठल्यासारख्या. मी पाहिलं. मनात म्हटलंही, अगं हे काय. पण नऊ दिवसांचं मौन मोडायचं कोणी? मी तोंड उघडलं नाही. पुढे जे झालं त्यात साहेबांच्या कार्डाइतकाच माझ्या मिटलेल्या तोंडाचाही वाटा आहे.

दीड वाजता तिने चादर उलटी सारली. मग आणखी एक. तिच्या जोडीला काम करणारी उंचाडी म्हणाली, "काय गं, झोप लागली का?" तर धाकटी गोड हसली. ती गोड हसणाऱ्यातली नाही. म्हणाली, "दूध उतू गेलं का बघता का जरा? मी चादरी तापत ठेवल्यात." बायका फिस्सकन हसल्या. त्यांना वाटलं ती गंमत करतेय. मग ती दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसली, भडाभडा ओकली आणि कलंडली.

मी काटा सोडून धावले.

आमच्याकडे एक कंपाउंडर काका आहेत. भाजलं-कापलं तर पट्टी बांधायला ठेवलेले, माणूस चांगला. त्यांनी नाडी धरली, डोळा उघडून पाहिला आणि लगेच निकाल दिला. "उष्णता लागलीय. पाणी कमी पडलं. पाणी आणा, ग्लुकोज घाला त्यात, आणि अँब्युलन्सला फोन करा."

साहेबही वरून आले. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? तिच्या खिशातून कार्ड काढलं. तोवरचे वीस चौकोन, वीसही खोडलेले.

"हे बघा," साहेब म्हणाले, "कार्ड भरलेलं आणि बाई कोरडी. म्हणजे हिनेही ओतलं मोरीत. बाकीच्यांची नावं सांगत होती, आणि स्वतः तेच."

 मग उंचाडी, जी रोज सगळ्यात मोठ्याने टणटण करायची, ती म्हणाली, "नाही साहेब. ती पिते."

"तुला काय माहीत?"

"शेजारी उभी असते मी. शेवटच्या थेंबापर्यंत पिते. आज तर माझाही पेला प्यायली दोनदा. म्हणाली, टाकू नकोस, पाणी आहे ते."

घडीवरच्या मावशींनी मान हलवली. "पिते, पिते. आम्हीच ओततो. लिहून घ्या हवं तर."

माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी खटकन बसलं.

इथे मला एक सांगावं लागेल. डॉक्टरांच्या कोटांच्या खिशांत काय काय येतं. पेनं, चॉकलेटचे कागद, एकदा तर दात आला होता. सापडलेली वस्तू परत पाठवायची असते. दोन वर्षांपूर्वी एका कोटात हाताच्या पंजाएवढं पुस्तक आलं, नव्या डॉक्टरांसाठीचं, इंग्रजी, एकदा मशीनमधून धुऊन निघालेलं. परत पाठवलं तर तिकडून पुन्हा माझ्याकडेच आलं, कोणाचंच नाही म्हणे. मग माझं झालं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते दोन वर्षं वाचतेय. अर्धं कळत नाही. पण पाणी आणि मीठ हा भाग मला कळतो, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. त्यात एका पानावर होतं की फार पाणी पोटात गेलं आणि मीठ गेलं नाही तर रक्त पातळ होतं. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळतो, मग झटके येतात. आणि हे सगळं वरवर कोरडं पडल्यासारखंच दिसतं. दोन्हींत फरक कसा करायचा, तेही एका ओळीत होतं. वजन बघा.

वजन बघा. अरे, चौदा वर्षं मी दुसरं केलंय काय?

काका पेला घेऊन वाकले होते. मी त्यांचा हात धरला. "थांबा. पाजू नका."

"बाजूला हो, काटेवाली. ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. हिचा हात बघा. अंगठी बघा. पाणी आटलेल्या बाईची बोटं सुजतात का काका? कापड कोरडं पडून फुगलेलं पाहिलंय कधी?"

"बाई, ती कापड नाहीये," साहेब म्हणाले.

"नाहीये, म्हणूनच घाई करतेय. कापडाला उशीर चालतो. ती रिकामी ट्रॉली आणा इकडे."

ट्रॉली कोणी आणली ते मला आठवत नाही. चौघींनी तिला उचललं, मावशींनी डोकं धरलं. काट्यावर ढकलली. आकडे धावले, थांबले. मी ट्रॉलीचं वजन तोंडी वजा केलं. 

साहेब मागून बघत होते. ते म्हणाले, "कपडे घामाने ओले आहेत तिचे. ते वजन धरलंय तुम्ही."

मुद्दा बरोबर होता. राग आला तरी मुद्दा बरोबर होता. आमच्या गणवेशाचा कोरडा जोड नऊशे ग्रॅम भरतो. चिंब झाला तर दोन किलो. ही शंका ठेवून मी कोणाशी भांडणार? मी ओरडले, "कोरडा जोड द्या. आणि पुरुषांनी तोंडं फिरवा."

आणि काय सांगू, त्या बायका. सकाळपर्यंत जिला बघून टणटण करत होत्या, तिच्याभोवती एका क्षणात चार चादरी उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीच्या, गरम, पांढऱ्या भिंती. आत मावशी आणि उंचाडी. बाहेर साहेब भिंतीकडे तोंड करून उभे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. लाँड्रीत बाईला कोरडे कपडे चढवायला किती वेळ लागणार? चादरी खाली आल्या. ट्रॉली पुन्हा काट्यावर.

एकसष्ट किलो तीनशे.

मी भिंतीकडे बोट केलं. सकाळी सातला अठ्ठावन्न चारशे, असाच कोरडा जोड अंगात. दुपारी पावणेदोनला एकसष्ट तीनशे. सात तास भट्टीपुढे उभी राहून, घामाने निथळून, उपाशीपोटी, बाई दोन किलो नऊशे ग्रॅम वाढली.

"आता सांगा," मी म्हटलं, "कुठे कमी पडलं पाणी?"

काकांनी पेला खाली ठेवला. भिंतीवरचा आकडा वाचला, काट्यावरचा वाचला, पुन्हा भिंतीवरचा. मग जे बोलले त्यासाठी मी त्यांना आयुष्यभर मान देईन. "मी चुकलो. आता काय करायचं?"

"काही पाजायचं नाही. एका कुशीवर ठेवायचं. आणि अँब्युलन्सवाल्यांना पहिला शब्द हाच सांगायचा."

अँब्युलन्स आली. डॉक्टरीण माझ्या थोरल्या मुलीएवढी, दोन वेण्या घातल्या असत्या तर शाळेत शोभली असती. तिने लाँड्रीतली वाफ पाहिली, रोलर पाहिला, खाली पडलेली बाई पाहिली, आणि तिच्याही तोंडून तेच. "उष्माघात. सलाईन जोडा, जोरात सोडा."

मी आडवी उभी राहिले. खरोखर, स्ट्रेचरपुढे आडवी.

"मॅडम, हात लावून बघा. अंग गरम आहे का? उष्माघात झालेली बाई पेटलेली असते. हिचं अंग तुमच्यामाझ्याएवढंच आहे. सकाळपासून अकरा लिटर पाणी प्यायलीय. तीन दिवस दुपारी जेवली नाही. सकाळपेक्षा तीन किलोला शंभर ग्रॅम कमी, एवढी वाढलीय. काटा समोर आहे."

"वाढलीय?"

"वाढलीय."

तिने काट्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. धाकटीचं बोट दाबलं. मग थर्मामीटर लावला आणि आकडा बघून ओठ आवळला. त्या पोरीच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. आपल्याला शिकवलेलं एक, समोर दिसतंय दुसरं, आणि सांगतेय कोण, तर लाँड्रीतली बाई. पुष्कळांचं इथेच घोडं अडतं. तिचं अडलं नाही.

"सलाईन थांबवा," ती जोडीदाराला म्हणाली. "सुई लावून ठेवा फक्त. हॉस्पिटलला कळवा, सोडियम लगेच करायचंय, दारातच." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कोण?"

"थोरली जाऊ."

"ते नाही. हे कुठे शिकलात?"

"तुमच्याच खिशात," मी म्हटलं, आणि अँब्युलन्समध्ये चढले. मला चढू नका असं कोणी म्हणालं नाही, म्हणालं असतं तरी उपयोग नव्हता.

वाटेत तिला झटका आला. दात आवळले, डोळे वर गेले, सगळं अंग थडथड उडायला लागलं. मी तिचे पाय धरून बसले होते आणि ते पाय मला उडवत होते. डॉक्टरीण इंजेक्शन देत देत ड्रायव्हरला ओरडत होती. मी धाकटीशी बोलत होते. नऊ दिवसांचं साठलेलं एका दमात. काय बोलले? शिव्याच जास्त. मुकादम व्हायचंय ना तुला, मग मरतेस कशी ते बघते. तू गेलीस तर त्या टमरेलाएवढ्या स्वयंपाकघरात मी भांडू कोणाशी?

हॉस्पिटलच्या दारातच रक्त घेतलं. दहा मिनिटांत आकडा आला. सोडियम एकशे एकोणीस. निरोगी माणसाचं एकशे पस्तीसच्या वर असतं. डॉक्टरीण धावत आली ती हातात एक छोटी बाटली घेऊन. मोठी सलाईनची नव्हे, छोटीच. त्यात नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र मीठ. पंधरा-वीस मिनिटं ती थेंब थेंब शिरेत गेली. झटका पुन्हा आला नाही. दुसरी छोटी बाटली. तिची बोटं सैल झाली.

दीर धावत आले होते, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट. त्यांना काही सुचेना. "वहिनी, पाणी पिऊन कोणी मरतं का हो? पाणीच तर आहे."

"बसा भाऊजी," मी म्हटलं. "सांगते."

आणि मी त्यांना सांगत सुटले. मला थांबवेना. कारण भीती थोडी उतरली तशी तिच्या जागी दुसरंच काहीतरी चढायला लागलं होतं, लहान मुलीला जत्रेत होतो तसला आनंद. जे मी दोन वर्षं धुतलेल्या पानांवर वाचत होते ते समोर पलंगावर घडत होतं.

"तुमच्या माझ्या मेंदूच्या तळाशी एक जागा आहे भाऊजी. तिचं काम एकच, रक्त चाखणं. चोवीस तास चाखत बसलेली. जरा खारट लागलं की ती दोन कामं करते. तुम्हाला तहान लावते, आणि मूत्रपिंडांना निरोप धाडते की पाणी धरा, सोडू नका. आणि पातळ लागलं की उलट. तहान बंद, निरोप बंद, सगळं जादा पाणी बाहेर. इतका बारीक काटा आहे तो, शंभरात एखादा भाग इकडेतिकडे झाला तरी त्याला कळतं. माझा काटा शंभर ग्रॅमच्या खाली बघत नाही, आणि वर्षातून दोनदा त्याला दुरुस्तीवाला लागतो."

"मग हिचा बिघडला?"

"अजिबात नाही. हिचा काटा सांगत होता, बाई, तहान नाहीये. कार्ड म्हणत होतं, पी. हिने कार्डाचं ऐकलं. आणि त्यात भट्टी, दमणूक, मळमळ, रिकामं पोट. माणूस असा कात्रीत सापडला की तो 'पाणी धरा'चा निरोप बंदच होत नाही, शरीराला वाटतं संकट आहे, जपून ठेवू. वरून भरतंय, खालून सुटत नाही. घामातून मीठ गेलंय ते वेगळंच. मग ते पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी रुतते. मेंदू फुगला तर तो जाणार कुठे? कवटी काही सैल होत नाही."

भाऊजी तोंड उघडं टाकून बघत होते. "हे सगळं आपल्या आत चालतं? आत्ता? माझ्यासुद्धा?"

"तुमच्यासुद्धा. न सांगता, न विचारता. कोणी छापलेल्या कागदाशिवाय."

चार वाजता साहेब आले. हातात फळं आणि एक लिहिलेला कागद. कर्मचाऱ्याने स्वतःच्या मर्जीने नियमापेक्षा जास्त पाणी प्यायल्यामुळे, असं काहीतरी. घरच्यांपैकी कोणाची तरी सही हवी होती. भाऊजी पेन घ्यायला निघाले होते. मी कागद घेतला, वाचला आणि परत दिला.

"नियमापेक्षा जास्त नव्हे साहेब. नियमाएवढंच, आणि उंचाडीचे दोन पेले. तुमच्या एवढ्या मोठ्या लाँड्रीत तुमचं ऐकणारी ही एकच बाई होती. बाकीच्या वाचल्या, कारण त्या तुम्हाला फसवत होत्या. हे लिहा, मी सही करते."

"तुम्ही रागात आहात."

"हो, आहे. आणि फळं इथे ठेवा, ती चांगली आहेत."

ते गेले. आणि त्यानंतर खरी गंमत सुरू झाली.

धाकटीला लघवीची नळी लावलेली होती, पलंगाच्या कडेला पिशवी लटकलेली. आल्यापासून पिशवीत बोटभरही नाही. साडेचारला डॉक्टरीण वाकून बघत होती, मी तिच्या मागून. एक थेंब. मग दोन. मग धार. पाण्यासारखी स्वच्छ, रंग नाही, वास नाही. डॉक्टरीण सरळ उभी राहिली. "सुटलं," ती म्हणाली.

निरोप बंद झाला होता. आतल्या त्या चाखणाऱ्याला कळलं होतं की संकट टळलं, आता धरून ठेवायची गरज नाही. कोणी बटण दाबलं नव्हतं. तासाभरात पाऊण लिटर. पुढच्या तासात त्याहून थोडं जास्त. मी पिशवी हातात तोलून आकडा सांगायची आणि नर्स मापात ओतून बघायची. दोन वेळा माझा अंदाज वीस मिलीलिटरच्या आत आला, तेव्हा तिने इतर नर्सना बोलावून आणलं.

"हिला आमच्याकडे ठेवून घ्या," ती डॉक्टरणीला म्हणाली.

पण डॉक्टरणीचा चेहरा पुन्हा गंभीर झाला होता. मी विचारलं, आता काय? ती म्हणाली, "फार वेगाने सुटतंय. इतका वेळ मीठ कमी होतं म्हणून जीव धोक्यात होता. आता ते भराभर वर गेलं तर तेही मेंदूला बाधतं. हळू यायला हवं." आणि दर दोन तासांनी रक्त तपासायला सुरुवात झाली. एकशे तेवीस. एकशे पंचवीस. डॉक्टरीण कधी थेंब वाढवायची, कधी बंद करायची, सारखी त्या आकड्याच्या मागे. घामाघूम झाली पोर. मी मनात म्हटलं, बघ, एका बाईच्या आतला एक काटा दोन दिवस सांभाळायचा तर एक डॉक्टर, तीन नर्स, एक लॅब आणि शिवाय मी. आणि ती स्वतः हे सगळं भाजी चिरता चिरता सांभाळत होती, जन्मल्यापासून.

रात्री नऊच्या सुमाराला धाकटीने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. नजर भाऊजींच्या पायांवर गेली.

"हे काय घालून आलात?" ती म्हणाली. आवाज कागदासारखा. "एक बूट, एक चप्पल. लोक काय म्हणतील."

भाऊजी ढसाढसा रडायला लागले. मी मात्र हसत होते, इतकी की नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर मावशी, उंचाडी आणि सहा-सात जणी पायरीवर बसलेल्या होत्या, कामाच्या कपड्यांतच. मी सांगितलं, नवऱ्याला बोलली. मावशी म्हणाल्या, "मग शुद्धीत आहे." उंचाडीने तोंडावर हात दाबला आणि तिथेच बसून राहिली.

त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी काय केलं ते मला नंतर कळलं. घंटा झाली तेव्हा एकही जण पेल्याला गेली नाही, आणि मोरीलाही नाही. कार्डं गोळा करून मावशींनी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, पाण्याचं पिंप दाराशी ठेवा, शेजारी मीठ-साखरेचं पाणी ठेवा, जेवायला अर्धा तास पूर्ण द्या, आणि पंखे कधी बसवताय ते सांगा. तोपर्यंत रोलर बंद. चार हॉस्पिटलांच्या चादरी ओल्या पडल्या होत्या. पंखे तिसऱ्या दिवशी आले.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा आकडा एकशे छत्तीस आला होता. नळी काढली होती. अंगठी बोटात गरागरा फिरत होती. डॉक्टरीण तिच्या पलंगावर टेकली आणि तिने एक साधा प्रश्न विचारला.

"तहान लागलीय का?"

 कपाळाला आठी घालून धाकटी जणू आत कुठेतरी बघून येत होती. एवढा वेळ की भाऊजी मध्येच म्हणाले, "सांग ना, लागलीय म्हणून." मी त्यांना कोपर मारलं.

"तोंड कोरडं आहे," ती सावकाश म्हणाली. "घशाशीही. हो. लागलीय."

मी पेला भरून दिला. तिने दोन्ही हातांनी धरला. एक घोट, दुसरा, मग चार-पाच भराभर, डोळे मिटून, गळा वरखाली होत होता. मला बघवतही नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.  अर्ध्यावर धाकटी थांबली. पेला ओठांपासून दूर केला, त्यात उरलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"बास," ती म्हणाली. "ताई, हे तिथे ठेवा. नंतर बघेन."